जैसलमेरला जाताय ना, मग दुपार मोकळी ठेवा

थंडी पडायला लागली की आमच्या सांगलीकडच्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर राजस्थानचा विषय निघतोच. मग कुणीतरी ट्रॅव्हल्सवाल्याचं पॅकेज टाकतं आणि त्यात जयपूर, पुष्कर, उदयपूर, जोधपूर सगळं खच्चून भरलेलं असतं, आणि जैसलमेरला फक्त एक रात्र, ती पण वाळूतल्या टेंटमध्ये, सकाळी नाष्टा केला की गाडीत बसा. म्हणजे एवढ्या लांब वाळवंटात जाऊन ते शहर बघायचंच राहिलं. मला हे अजिबात पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे की एक-दोन शहरं कमी करा पण जैसलमेरला तीन रात्री तरी द्या, आणि रोज दुपारी बारा ते चार काहीही ठरवू नका.

दुपार मोकळी का, तर तिथं सगळं उन्हाच्या वेळापत्रकावर चालतं. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळं वाळू आणि दगड झटकन तापतात आणि सूर्य गेला की तितक्याच झटकन गार होतात. जानेवारीत दुपारी स्वेटर काढून ठेवाल आणि रात्री त्याच जागी मफलर, कानटोपी, सगळं घालून बसाल. पॅकेजवाले नेमकं भर दुपारी किल्ला चढायला लावतात आणि संध्याकाळची सोनेरी वेळ बसमध्ये घालवतात. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी जेवून झोप काढा, चारनंतर परत बाहेर. घरात सासू-सासरे आणि लहान पोरं दोन्ही असतील तर हे वेळापत्रक म्हणजे वरदान आहे, कुणी चिडचिड करत नाही.

आता कधी जायचं. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ठीक, उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीचा विचार सुद्धा करू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. नोकरीवाल्यांचं सोपं असतं, दिवाळी नाहीतर नाताळची सुट्टी. पण आमच्या माहेरी तासगाव भागात द्राक्षबागा, तिथं ऑक्टोबर छाटणी झाली की माणूस बाग सोडून हलत नाही, ढग आलं की डावणी रोगाची धास्ती, रात्री-अपरात्री फवारणी. मग अशा घरांनी माल उतरला की, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट नाहीतर मार्चचा पहिला आठवडा धरावा, एप्रिलची खरड छाटणी अजून लांब असते. ज्यांचा ऊस आहे त्यांनी तोड झाल्यावर. तेव्हा दुपार जरा तापते पण गर्दी उतरलेली असते, आणि मोकळी दुपार ठेवली असली की ऊन बाधत नाही. माघ पौर्णिमेच्या आसपास तिथं मरु महोत्सव भरतो, तो बघायचा असेल तर हॉटेलचं बुकिंग खूप आधी करावं लागतं.

आणि एक, कालनिर्णय घेऊन बसा. गंमत नाही, खरंच सांगते. वाळूत रात्र काढायची असेल तर पौर्णिमा पाहिजे का अमावस्या हे आधी ठरवा. पौर्णिमेला टेकड्या लांबपर्यंत दिसतात आणि म्हातारी माणसं पण बिनधास्त फिरतात, अमावस्येच्या जवळ गेलात तर चांदण्या अशा दिसतात की पोरं झोपायलाच तयार होत नाहीत. दोन्ही भारीच, पण वेगवेगळं.

जायचं कसं, तर बंगळुरूहून जोधपूरला जाणारी गाडी मिरजेवरूनच जाते, रोज नसते, वार बघून घ्या. सव्वा दिवसाचा तरी प्रवास धरा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ बांधून घेतलं की पहिला दिवस निघतो. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी सुटतं, पहिल्याच सकाळी बसायचं, त्यात चालढकल नको. घाईवाल्यांनी मुंबईहून विमानानं जोधपूर गाठावं. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, रेल्वेनं नाहीतर गाडीनं पाच-सहा तास. गाडी केली असेल तर वाटेत फलोदीजवळ खिचन गाव आहे तिथं सकाळच्या वेळी पोचेल असं निघा. थंडीत तिथं कुरजां म्हणजे क्रौंच पक्षी लांब देशातनं हजारोंनी येतात आणि गावकरी त्यांना रोज धान्य टाकतात, कितीतरी वर्षं. २०२५ ला या गावाला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आकाश भरून पक्षी उतरताना बघणं ह्याला तिकीट-बिकीट काही नाही, आणि माझ्या मते अख्ख्या राजस्थानातली ही सगळ्यात सुंदर सकाळ आहे.

राहायचं कुठं ह्यावर मी जरा अडून बसते. किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत, फोटो भारी असतात, पण झोपायला किल्ल्याच्या खाली राहा. कारण सांगते. ११५६ साली रावळ जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला, ९९ बुरूज, पिवळा वाळूचा दगड, आणि अजूनही आत हजारो माणसं राहतात, घरं, दुकानं, मंदिरं सगळं चालू. पण हा किल्ला घागरीनं पाणी आणणाऱ्या लोकांसाठी बांधलेला. आता नळ आले, गेस्टहाऊस आली, प्रत्येक खोलीला बाथरूम, आणि ते पाणी गटारातनं झिरपून टेकडीच्या मऊ थरात जातं, पाया ढिला होतो, भिंती आणि बुरूज ढासळलेत. १९९० च्या दशकात वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडनं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला घातला होता, पुढं २०१३ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांमध्ये ह्याचं नाव आलं. आपण गडकिल्ल्यांच्या मातीतली माणसं, अजिंक्यताऱ्याचा एक चिरा हलला तर जीव तुटतो आपला, मग तिथं आपल्या आंघोळीचं पाणी कशाला मुरवायचं. वर जा, आतल्या लोकांकडून खरेदी करा, चहा-नाष्टा करा म्हणजे त्यांचा धंदा पण चालेल, आणि रात्री खाली या. खालच्या हॉटेलची गच्ची किल्ल्याच्या समोर असेल असं बघून घ्या, संध्याकाळी तो दगड पिवळ्याचा मधाच्या रंगाचा होतो ते वरनं दिसतच नाही, खालनंच दिसतं.

किल्ल्यात सकाळी जायचं कारण आतली जैन मंदिरं. बाहेरच्यांना साधारण सकाळच्याच वेळात सोडतात, चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही. बाराव्या ते सोळाव्या शतकातली ही मंदिरं, कोरीवकाम बघून मान दुखते. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, राजवाड्याच्या म्युझियमला आहे. चढाची फरसबंदी पायांनी झिजून गुळगुळीत झालीय, म्हाताऱ्यांना चप्पल नको, ग्रिपचे बूट द्या. हवेल्यांमध्ये पटव्यांची बघाच, पाच हवेल्यांचा समूह आहे, १८०५ च्या सुमारास बांधायला सुरुवात झाली, व्यापाराचा पैसा दगडात कसा दिसतो ते तिथं कळतं. बाकीच्या वेळ असेल तर. गडीसर तलावावर मात्र सूर्योदयाला जा, चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी तो पुन्हा नीट बांधून घेतला आणि कित्येक शतकं सगळं शहर ह्याच पाण्यावर जगलं.

पाण्याचा विषय निघालाच तर कुलधरा. पॅकेजवाले ह्याला भुताचं गाव म्हणून विकतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव, शहरापासून अठरा-वीस किलोमीटर. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून ८४ गावं एका रात्रीत उठून गेली अशी कथा सांगतात, काही अभ्यासक पाणी आटलं म्हणतात. पण ही माणसं शेतकरी म्हणून काय होती ते कुणी सांगतच नाही! वर्षाला दोनशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या आटपाडी-जतपेक्षा कितीतरी कमी, आणि तिथं ही लोकं गहू-हरभरा पिकवायची. त्याला खडीन म्हणतात. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत खाली येतो, तिथं लांबलचक मातीचा बांध घालायचा, पाणी शेतातच तुंबू द्यायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची, वर एक थेंब पाणी द्यायचं नाही. पंधराव्या शतकापासूनची पद्धत आणि आजही जैसलमेर भागात खडीन चालू आहेत. माझे आजोबा माणदेशातले, बांधबंदिस्तीवर आख्खं आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा की वाटेत एखादं खडीन दाखव, थंडीत हिरवंगार शेत दिसेल, सगळीकडं पिवळं आणि मधेच ते.

आता वाळू. समचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, शहरापासून चाळीस-बेचाळीस किलोमीटर, सगळे तिथंच जातात, कॅम्पची रांगच्या रांग, रात्री डीजे. खुडी गावचे धोरे त्याच्यापेक्षा थोडे लांब पडतात पण शांत. माझं मत खुडीकडं, पण पोरांना जीपच्या उड्या आणि दंगा पाहिजे असेल तर समला न्या, दुपारी चारला पोचेल असं. पाठीचं दुखणं असलेल्यांनी जीपमध्ये अजिबात बसू नका. टेंट बुक करताना फोनवरच विचारा, बाथरूम आत आहे का, रजया किती, धोरे चालत किती लांब, आवाज किती वाजता बंद होतो, आणि गाणी कोण म्हणणार. हे शेवटचं महत्त्वाचं. मांगणियार कलाकार असतील तर मागं लागून कमायचा ऐकवा म्हणा, आंब्याच्या लाकडाचं तंतुवाद्य, गजानं वाजवतात, आणि खडताल, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या. पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेली घराणी आहेत ही, त्यांच्या समोर बसून फिल्मी गाण्याची फर्माईश करू नका हो, प्लीज. बक्षिसी हातात द्या, मोकळ्या मनानं द्या.

उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळं आपण पुढं फेकले जातो, तेव्हा मागं रेलून बसायचं आणि खोगीर घट्ट धरायचं. बसताना पुढचे पाय आधी मोडतो, तेव्हा पण मागंच रेला. सासूबाईंसारख्यांना उंटगाडी करा, आरामात जातात. उंट दमलेला दिसला, नाकातनं रक्त दिसलं तर तो घेऊ नका, दुसरा मागा.

डेझर्ट नॅशनल पार्क इथंच, ३१६२ चौरस किलोमीटर. माळढोक बघायला आपण एकेकाळी सोलापूरच्या नान्नजला जायचो, आता देशात दोनशेपेक्षाही कमी उरलेत आणि त्यातले बहुतेक ह्याच जिल्ह्यात. विजेच्या तारांना धडकून मरतात बिचारे, एवढा जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही त्याला. सम आणि रामदेवरा इथं अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालू आहे. पक्षी दिसेलच असं नाही, पण एक सकाळ त्यासाठी ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

माझे सासरे साताऱ्याकडचे, फौजेतनं रिटायर झालेले, त्यांना लोंगेवाला म्हटल्यावर दुसरं काही नको असतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घराघरात फौजी, त्यामुळं हा दिवस वेगळा काढाच. शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तनोट मातेचं देऊळ आणि लोंगेवाला एकाच फेरीत होतं. डिसेंबर १९७१, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची शंभर-सव्वाशे माणसं, समोर रणगाडे, रात्रभर चौकी धरून ठेवली आणि उजाडल्यावर हवाई दलाची विमानं आली. तनोटला न फुटलेले बॉम्बगोळे ठेवलेत, देवळाची व्यवस्था बीएसएफकडं. आधार कार्ड प्रत्येकाचं जवळ ठेवा, प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. रस्त्यात खायला फार काही मिळत नाही, पाणी आणि डबा घेऊन निघा, सकाळी सहालाच.

खाण्याची अजिबात काळजी करू नका. बाजरीची रोटी, वर तूप आणि गूळ, आटपाडी-माणच्या माणसाला घरच्यासारखंच वाटतं. केर-सांगरीची भाजी खाच, केर म्हणजे तिथल्या काटेरी झुडपाची छोटी फळं आणि सांगरी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो त्या शमीच्या शेंगा, वाळवून वर्षभर ठेवतात. गट्ट्याची भाजी, कढी, आणि गोडात घोटुआ लाडू, ते जैसलमेरचंच. जेवण तेलकट-तुपकट असतं, संध्याकाळी हलकं खा. येताना सुकी केर-सांगरी किलोभर आणा, भिजवून, उकडून मग फोडणीला टाकायची, नुसती टाकली तर शिजत नाही.

बॅगेत व्हॅसलीन, नाक-तोंड झाकायला मोठी ओढणी, थर्मास, म्हाताऱ्यांची औषधं दोन ठिकाणी विभागून. स्टेशनवर रिक्षावाला तुमचं हॉटेल बंद पडलंय म्हणाला तर तिथूनच हॉटेलला फोन लावा. परतीचं तिकीट जोधपूरवरून काढताना मधे एक रात्र जोधपूरला ठेवा, जैसलमेरहून येऊन त्याच दिवशी लांबची गाडी पकडायचा धोका नको, आणि मिरजेत गाडी कितीला पोचते ते बघून घ्यायला येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.