मी फक्त हसलो

"मी काहीच केलं नाही गं आई, मी फक्त हसलो." बॅगेची चेन उघड-बंद करत लेक म्हणाला आणि तेव्हापासून डोक्यात तेवढंच फिरतंय.

वर्गातल्या एका मुलाच्या बोलण्याची रोज नक्कल करतात, तो हल्ली तोंडच उघडत नाही, हजेरीलाही नुसता हात वर करतो म्हणे.

फिनलंडच्या शाळांमध्ये असली दादागिरी थांबवायला 'किवा' नावाचा कार्यक्रम आहे, त्यात या बघणाऱ्या पोरांवरच जास्त भर असतो, कारण दादागिरी करणाऱ्याला पब्लिक लागतं. आणि आपण विचारतो काय, तर "तू मारलंस का?"

म्हटलं, उद्या त्याच्या शेजारी बसशील?

"मग मलाही चिडवतील ना."

यावर काय बोलायचं, सुचतंय का कुणाला?