डबल क्लिक जमत नाही म्हणजे डोकं चालत नाही असं नाही

साठी-सत्तरी ओलांडलेल्या लोकांना लॅपटॉप शिकवायला लागून मला आता बराच काळ झाला, आणि या काळात मी स्वतः काही शिकले असेन तर ते म्हणजे स्वतःचा हात आवरणं. समोरचा माणूस बाण शोधतोय, सापडत नाहीये, आपला हात नुसता शिवशिवतो की द्या इकडे मी करून देते. नाही द्यायचं करून! एकदा आपण माऊस हातात घेतला की त्यांचं काम होतं पण शिकणं तिथेच थांबतं, आणि वर ते म्हणतात "तुमचं कसं पटापट होतं, आमचं काही खरं नाही".

सगळ्यात जास्त लोक अडतात ते डबल क्लिकवर. एका काकूंचा हात मी अगदी शेजारी बसून नीट बघितला. पहिला क्लिक बरोबर, मग दुसरा करताना बोट उचललं की सगळं मनगटच हलायचं आणि माऊस केसभर सरकायचा, त्यामुळे फोल्डर उघडायच्या ऐवजी आयकॉनच दुसरीकडे जाऊन बसायचा. आठ-दहा वेळा असं झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला नाही समजत हे." अहो काकू, तुम्हाला समजलंय सगळं, बोट ऐकत नाहीये एवढंच! विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर आधीपासून साधारण अर्ध्या सेकंदाचं ठरवलेलं असतं, त्यापेक्षा उशीर झाला की ते दोन वेगवेगळे क्लिक धरले जातात. माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन तो वेग कमी करता येतो. आणि त्याहून सोपं म्हणजे एकदाच क्लिक करून एंटर दाबायचं, फोल्डर उघडतं. हे कळल्यावर काकूंनी लागोपाठ सहा फोल्डर उघडले आणि सहाही बंद केले, काही काम नव्हतं, नुसते उघडले.

टचपॅडचंही तसंच. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी पडते आणि टचपॅडला कोरडं बोट कधीकधी कळतच नाही, मग माणूस आणखी जोरात दाबतो, बाण आणखीच भलतीकडे पळतो. म्हणून मी सुरुवातीला सरळ माऊस जोडून देते. आणि पहिले दोन-तीन दिवस पत्त्यांचा सॉलिटेअर. घरचे म्हणतात गेम काय खेळायला लावता, पण १९९० साली विंडोज ३.० मध्ये तो गेम आला तेव्हापासून लोक त्याच्यावरच पान धरून ओढायला आणि बरोबर जागी सोडायला शिकलेत, हाताला त्याच्यासारखी सवय दुसऱ्या कशाने लागत नाही.

कीबोर्डवर वेगळीच गंमत, बटण दाबून धरलं की तेच अक्षर स्क्रीनभर पसरत जातं आणि माणूस घाबरून हात आणखी घट्ट दाबतो. तेव्हा मी एकच सांगते, दाराची बेल वाजवतो तसं दाबायचं आणि सोडायचं. आणि कंट्रोल झेड तर मी पहिल्याच दिवशी शिकवते, टाइप करण्याच्याही आधी. मुद्दाम एक आख्खा परिच्छेद उडवायला लावते, चेहरा पडतो, मग कंट्रोल झेड, परिच्छेद परत! कारण खरी भीती असते ती आपल्या हातून काहीतरी बिघडेल आणि मुलगा ओरडेल याची, आणि ही भीती "काही होत नाही हो" असं शंभरदा म्हणून जात नाही, स्वतः बिघडवून स्वतः दुरुस्त केल्यावरच जाते.

चष्म्याचं मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एक काका अर्ध्या तासात मान धरून बसायचे, मला वाटायचं कंटाळले. त्यांचा चष्मा बायफोकल, जवळचं बघायची काच खाली, त्यामुळे स्क्रीन वाचायला ते हनुवटी वर करून बसत होते. स्क्रीन थोडी मागे कलवली, लॅपटॉप जरा खाली घेतला, डिस्प्लेमध्ये अक्षरं १५० टक्के केली, मान दुखायची थांबली. आता कोणीही आलं की मी आधी चष्मा कसला आहे ते विचारते.

आणि वही. वही पाहिजेच, आणि त्यात माझी नाही, त्यांची भाषा. एका आजोबांनी लिहिलं होतं, "डाव्या कोपऱ्यातली खिडकी दाबणे, मग खाली बंद करायचा गोळा." स्टार्ट आणि पॉवर बटणाला याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं. पण त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आलं आणि ती खिडकी कोपऱ्यातून खालच्या पट्टीच्या मधोमध गेली, वहीतलं खोटं ठरलं, आणि आजोबा दोन दिवस समजत होते की आपल्याच हातून हलली. टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट लेफ्ट केलं की ती परत डावीकडे येते, ते त्यांनी माझ्यासमोर स्वतः केलं. तेव्हापासून मी सगळ्यांना वहीचं डावं पान कोरं सोडायला सांगते, काही बदललं की तारीख घालून तिथे लिहायचं.