राजगड–तोरण्याची फाइल आणि काकांच्या टिपा

पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाज्याने राजगडावर चढायचं, पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या टोकाला अळू दरवाज्यातून उतरून धारेनं थेट तोरण्याची बुधला माची. या वाटेची एक जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेवरच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि नावं साठवणारी फाइल, आमच्या गटाकडे बरीच वर्षं फिरते आहे. पाण्याची टाकी, चकवणारे फाटे, सावलीची झाडं असे शंभरावर बिंदू तिच्यात आहेत. गटातले एक काका ती नोटपॅडमध्ये उघडून हातानं भर घालायचे. या उन्हाळ्याआधी प्रत्येक बिंदूला समुद्रसपाटीपासूनची उंची जोडायचं काम मी अंगावर घेतलं.

जीपीएक्स म्हणजे शेवटी एक्सएमएलच, टॅगांमध्ये बांधलेला साधा मजकूर. आधी मी साध्या शोधा-बदला पद्धतीनं उंची घुसवली आणि तपासणीत फाइल नापास झाली. जीपीएक्सच्या १.१ आवृत्तीच्या स्कीमात, म्हणजे फाइलची रचना ठरवणाऱ्या नियमावलीत, बिंदूच्या आतला क्रम ठरलेला आहे: उंची आधी, मग वेळ, नाव त्यानंतर. मी उंची नावाच्या खाली टाकली होती. हे क्रम डोक्यात ठेवून हातानं काम करणं चुकीचं, हे तेव्हाच पटलं. मी रोज सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतच काम करते, म्हणून डॉटनेट फ्रेमवर्कच्या विकास-साधनांबरोबर येणाऱ्या ‘एक्सएसडी’ या कमांडला स्कीमाची फाइल दिली. तिनं क्षणात सगळे क्लास, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक गोष्टीचे कोडमधले साचे, लिहून दिले. बिंदूचा क्लास, मार्गाचा क्लास, आणि उंची साध्या दशांश संख्येच्या प्रॉपर्टीत, म्हणजे साच्यातल्या एका रकान्यात. एक्सएमएल वाचून क्लासांत भरणाऱ्या आणि परत लिहिणाऱ्या ‘एक्सएमएल-सिरियलायझर’नं फाइल वाचली, तोरण्याच्या बिंदूला १४०३ मीटर दिले, बाकीच्यांना तक्त्यातून उंची दिली आणि जतन केलं. वीस ओळींचा प्रोग्राम, आणि क्रमाची काळजी आता त्या क्लासांनी घेतली होती.

फोनवर फाइल उघडेना.

मजकूर उघडून थेट शेवटी गेले. मूळ घटकाचा बंद होणारा टॅग होता, आणि त्याच्यापुढे जुन्या फाइलचं शेपूट लोंबत होतं. मी फाइल लिहिण्यासाठी उघडणारी ‘ओपन-राइट’ ही मेथड वापरून त्याच फाइलवर लिहिलं होतं. ते जुना मजकूर पुसत नाही, पहिल्या बाइटपासून वर लिहीत जातं. नवा मजकूर आखूड असेल तर जुन्याचा उरलेला भाग तसाच राहतो. फाइल उघडण्याचा प्रकार, ‘फाइल-मोड’, बदलून आधीचं पुसून नव्यानं लिहिणारा ‘क्रिएट’ केला आणि ते मिटलं. पण उंची जोडल्यावर फाइल वाढायला हवी होती, ती आखूड का झाली, हा प्रश्न मी त्या क्षणी विचारायला हवा होता. विचारला नाही. तो पुढे भारी पडला.

आता फाइल उघडत होती, पण एकाही बिंदूला उंची नव्हती. कुठे त्रुटी नाही, इशारा नाही. चालत्या प्रोग्रामच्या आतल्या किमती दाखवणाऱ्या डीबगरमध्ये बघावं तर १४०३ जागेवर, फाइलमध्ये मात्र काहीच नाही. तासभर गेल्यावर तयार झालेला कोड पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. स्कीमात उंची ऐच्छिक आहे. दशांश संख्येला ‘नाही’ अशी किंमत नसते, म्हणून ही कमांड प्रत्येक ऐच्छिक संख्येला एक जोडीदार देते. नाव तेच, शेवटी ‘स्पेसिफाइड’, आणि किंमत हो किंवा नाही. फाइलमधून वाचताना तो आपोआप ‘हो’ होतो, पण आपण नव्यानं किंमत भरली तर तोही आपणच ‘हो’ करायचा. नाहीतर जतन करताना तो घटक गाळला जातो. वेळेच्या प्रॉपर्टीचंही तसंच. एक ओळ वाढवली आणि सगळ्या उंची उतरल्या. तयार झालेल्या फाइलला मात्र हात लावला नाही, कारण कमांड पुन्हा चालवली की ती पुसली जाते. हे क्लास ‘पार्शियल’ असतात, म्हणजे एकच क्लास दोन फाइलींत वाटून लिहिता येतो, म्हणून उंची आणि तिचा जोडीदार एकदम भरणारी छोटी मेथड वेगळ्या फाइलमध्ये लिहिली.

फाइल गटात पाठवली. रात्री काकांचा फोन.

“अगं, माझ्या टिपा कुठं गेल्या?”

“कुठल्या टिपा, काका?”

“टाक्यांच्या. कुठलं मार्चनंतर आटतं, कुठलं गाळून घ्यायचं, सगळं लिहिलं होतं मी.”

त्यांनी ते एक्सएमएलच्या टिप्पण्यांमध्ये लिहिलं होतं, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघांच्या कंसात. सिरियलायझर फाइलमधून फक्त क्लासांना ठाऊक असलेलं उचलतो. टिप्पणीला क्लासात जागाच नाही, म्हणून ती वाचतानाच सुटते आणि लिहिताना परत येत नाही. फाइल आखूड झाली ती याच टिपांनी. काकांची अनेक उन्हाळ्यांची पायपीट मी एका जतन करण्यात घालवली होती. मूळ प्रत माझ्याकडे होती म्हणून निभावलं. ती नसती तर काय, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मूळ फाइल ‘एक्स-डॉक्युमेंट’नं वाचली. ते क्लासांत न भरता एक्सएमएल जसंच्या तसं वाचतं, म्हणून त्यात टिप्पण्या टिकतात. प्रत्येक बिंदूच्या आतली टिप्पणी उचलून त्याच क्रमांकाच्या बिंदूच्या ‘सीएमटी’ या घटकात घातली. जीपीएक्समध्ये शेऱ्यासाठी दोन जागा आहेत. ‘डेस्क’मधला मजकूर फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असतो, ‘सीएमटी’मधला जीपीएस यंत्राकडेही जातो. पाण्याची गोष्ट यंत्रावर दिसायलाच हवी, म्हणून ‘सीएमटी’. मग काकांना घरी जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून एकेक बिंदू तपासला आणि दोन ठिकाणी नवी माहितीही सांगितली.

आता जतन करण्याची माझी रीत ठरली आहे. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं. ती स्कीमाशी ताडून बघायची. मग जुनी आणि नवी, फाइलींतले फरक दाखवणाऱ्या ‘विनमर्ज’मध्ये शेजारी ठेवून, गेलेली प्रत्येक ओळ का गेली ते समजेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच ‘फाइल-रिप्लेस’नं जुनीच्या जागी नवी ठेवायची, आणि तेही जुन्या फाइलची प्रत मागे ठेवून. नवा बिंदू वाढवायचा तर बिंदू अ‍ॅरेमध्ये, म्हणजे ठरावीक लांबीच्या रांगेत, असतात, म्हणून यादीत घेऊन, भर घालून, पुन्हा अ‍ॅरे करावा लागतो. ते किरकोळ आहे.

एप्रिलमध्ये तीच फाइल घेऊन आम्ही निघालो. पद्मावती माचीवर सकाळी निघताना फोनवर पुढच्या टाक्याचा बिंदू उघडला. खाली काकांचीच ओळ होती: मार्चनंतर आटतं, वरूनच भरून न्या. आम्ही प्रत्येकी एक बाटली जास्त भरली. पोचलो तेव्हा टाक्याच्या तळाशी नुसता वाळलेला गाळ होता.