औषधं नव्हती, तेव्हा साथ कशी आवरायचे?

'अँटिबायोटिक्स नव्हती, तर त्या काळी इंग्लंडात साथी आटोक्यात कशा आणायचे?' साथरोगांवर काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा काळ घेऊ, म्हणजे १९०१ ते १९१०. साथ आवरणं हे तेव्हा मुख्यतः त्या त्या गावच्या नगरपालिकेचं काम होतं. तिचा आरोग्य अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे सॅनिटरी इन्स्पेक्टर, एवढी फौज. देवी, घटसर्प, विषमज्वर, स्कार्लेट फिव्हर (घसा धरून अंगावर लाल पुरळ येणारा, मुख्यतः मुलांना होणारा संसर्गजन्य ताप) यांचा रोगी सापडला की डॉक्टरने लगेच कळवायचं, हा १८८९चा कायदा १८९९मध्ये इंग्लंड-वेल्सभर सक्तीचा झाला. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की नुसत्या सक्तीवर भागवलं नाही. खासगी रोग्याची खबर दिली की डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत.

खबर आली की इन्स्पेक्टर दारात हजर. दूध कुठून येतं, मुलं कुठल्या शाळेत जातात, मोरीचं पाणी कुठे जातं, सगळी चौकशी. रोग्याला गावाबाहेरच्या आयसोलेशन हॉस्पिटलात हलवायचं, अंथरूण-पांघरूण वाफेच्या भट्टीत घालायचं, खोलीच्या फटी कागदाने बुजवून आत गंधक जाळायचं.

स्कार्लेट फिव्हरचं पोर सहा-सहा आठवडे आत असे. आईबापांना भेट नाही, फार तर खिडकीच्या काचेतून बघायचं. अनेक गावांत प्रत्येक रोग्याला नंबर असे आणि स्थानिक वर्तमानपत्रात नंबरांच्या याद्या छापून येत: अत्यवस्थ कोण, सुधारणा कोणाची. आपल्या लेकराचा नंबर आज कुठल्या यादीत आहे, हे आईने पेपरात शोधायचं. मला हे वाचवत नाही. त्यात हे पोर बरं होऊन घरी आल्यावर भावंडांना ताप यायचा, असंही घडे. एवढ्या ताटातुटीने स्कार्लेट फिव्हर खरंच किती घटला, यावर तेव्हाचे डॉक्टरही भांडत होते.

देवीच्या बाबतीत मात्र या पद्धतीने काम केलं. लेस्टर शहराने लसीच्या सक्तीला कडाडून विरोध केला होता, पण हातावर हात धरून ते बसलं नाही. तिथे खबर देणं १८७९पासूनच सक्तीचं होतं. रोगी ताबडतोब हलवायचा, घर निर्जंतुक करायचं, संपर्कातल्या माणसांवर नजर ठेवायची. आणि घरी बसवलेल्याची बुडालेली मजुरी नगरपालिका भरून द्यायची! रोजंदारीवरचा माणूस आजार लपवतो तो पोटासाठी, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

याच साम्राज्याने १८९७मध्ये पुण्यात प्लेगच्या झडतीला घराघरात गोरे सोजीर घुसवले. लोकांनी रोगी लपवले, यात नवल ते काय?

लेस्टरचा दाखला आज लसविरोधक फार देतात, म्हणून एक सांगायलाच हवं. तिथे देवीच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसना लस टोचलेली असे, आणि १९०१पासूनचे आरोग्य अधिकारी डॉ. किलिक मिलार्ड रोग्याच्या संपर्कातल्यांनाही ती घ्यायला सांगत.