केराबाई हेच नाव मला कागदावर हवं होतं

माझं माहेरचं नाव केराबाई. माझ्या आधीची आईची दोन लेकरं गेली होती. मी जन्मले तेव्हा आजीनं मला सुपात घालून केरावर ठेवलं, शेजारच्या काकूंनी उचललं आणि आईनं पसाभर जोंधळे देऊन मला त्यांच्याकडून परत घेतलं. टाकून दिलेल्या पोराला दृष्ट लागत नाही, ते जगतं, ही त्या बायकांची श्रद्धा. धोंडू, दगडू, केरबा ही आपल्याकडची नावं अशाच घरांतून आली आहेत.

शाळेत मुली चिडवायच्या. त्यामुळं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘सुनीता’ लिहिलं गेलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. पुढं रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, पॅन, बँक, सगळीकडं मी सुनीता झाले. केराबाई राहिली ती फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आईच्या तोंडात.

वडील गेले आणि शेतीच्या वारसनोंदीचा विषय निघाला. भावानं अर्जात माझं नाव प्रामाणिकपणे घातलं, पण केराबाई म्हणून. तलाठी भाऊसाहेबांनी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र तलाठीच म्हणतात) माझं आधार हातात घेऊन विचारलं, “ताई, ही केराबाई म्हणजे तुम्हीच कशावरून?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, तेवढ्यावर नोंद होईल, असंही त्यांनी सांगितलं. मी ते दिलं आणि नोंद झाली.

पण तो प्रश्न मनातून जाईना. मी जगावी म्हणून ज्या नावासाठी आईनं जोंधळे मोजले, ते सिद्ध करायला मला शपथ घ्यावी लागली. तेव्हाच ठरवलं, राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटमध्ये, सूचना देऊन मूळ नाव परत घ्यायचं.

घरात सगळ्यात जड गेलं ते ह्यांना. “माझ्या आईनं ठेवलेलं नाव तू पुसणार?” असं म्हणाले आणि दोन दिवस नीट बोलले नाहीत. मला त्यांचं दुःख कळत होतं. सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं, ‘सुनी’ म्हणून हाक मारली की मी हातातलं काम टाकून जायचे. मी ह्यांना एवढंच सांगितलं की घरात मला सुनीताच म्हणा, ती हाक मला हवी आहे. कागदावर मात्र मला जन्माचं नाव पाहिजे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मी काय म्हणतो, लोकं हसतील गं तुला.” हसू देत.

अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातला मुलगाही थबकला. “मावशी, लोक असलं नाव बदलून चांगलं घेतात, तुम्ही उलटं करताय.” त्यानं साताऱ्याची आठवण काढली. 2011 साली तिथं ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. ते अगदी योग्य झालं. नकोशी म्हणून ठेवलेलं नाव कुणी आयुष्यभर का वागवावं? माझं नाव मी हवी होते म्हणून ठेवलेलं आहे. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून हा फरक मी प्रत्येकाला सांगते.

प्रतिज्ञापत्र करून देणाऱ्या वकीलबाईंना तो सांगावा लागला नाही. त्या म्हणाल्या, “आपले शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 ला दत्तक आले आणि शाहू झाले. म्हणून यशवंतराव हे नाव कुणी विसरलं का?” मला फार धीर आला.

बाकीचं काम सरळ आहे. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. ‘सुनीता’ या नावाला आधार कार्ड, ‘केराबाई’ या नावाला शाळेचा दाखला, शिवाय विवाह नोंदणीचा दाखला आणि फोटो. शाळेनं दाखल्याची दुय्यम प्रत द्यायला बराच वेळ लावला, म्हणून ती आधी मागून ठेवा. सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. ते पान उतरवून घ्या आणि त्याच्या भरपूर प्रती काढा, कारण पुढं प्रत्येक खिडकीवर तीच मागतात.

पहिल्यांदा आधार बदला, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळं मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं पावतीवर सही करण्याआधी वाचा. माझ्या पावतीवर ‘किराबाई’ पडलं होतं. तिथल्या मुलीला मी थांबवलं, ती म्हणाली, “काकू, चालतंय की, एका मात्रेनं काय होतंय?” मी म्हटलं, नाही चालत, बाळ. तिनं काही न बोलता दुरुस्त केलं आणि मला पुन्हा वाचायला दिलं.

बँकेच्या पासबुकावर अजून सुनीताच आहे. पुढच्या आठवड्यात ह्यांना सोबत घेऊन जाणार आहे. खातं दोघांच्या नावावर आहे, सही त्यांचीही लागते, आणि ते येतो म्हणालेत.