दाभोळची पडवी

बेत गुहागरचा होता. दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीत गाडी चढवून वाशिष्ठीपलीकडे धोपावे. पण दाभोळचा उतार लागला आणि आई म्हणाली, "आधी मशिदीकडे घे."

अंडा मशिदीचा घुमट, पुढ्यात खाडी. फोटो काढले, त्यात काही विशेष नाही. आईला मशीद बघायचीच नव्हती, तिला तिथून पुढचं एक घर हवं होतं. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेली मैत्रीण, कोकणी मुसलमान घरातली.

"काय गो, म्हातारी झालीस!" म्हणत मावशीनं आईला पडवीत ओढलंच. नारळाचं दूध आणि सांदणं आली. बोलणं फिरत फिरत 1971च्या डिसेंबरवर गेलं.

तेव्हा कंदिलाच्या काचेला काळा कागद लावायचे. आईचा काका नौदलात, कुठल्या बोटीवर ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ट्रान्झिस्टरवर बातमी लागली तशी आजोबांनी आळीत साखर वाटली. मैत्रिणीच्याही हातावर ठेवली. तिनं मूठ मिटली ती उघडलीच नाही. आईला आठवतो तो घरी जाताना धरलेला तिचा चिकट हात. "मला वाटलं, हिला साखर आवडत नाही."

9 तारखेच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. आईच्या घरी चूल पेटेना. मैत्रीण रोज संध्याकाळी यायची, उंबऱ्यावर बसायची, "काकाचं काय कळलं?" विचारायची आणि अंधार पडायच्या आत घरी जायची.

काका दुसऱ्याच बोटीवर होता. शिमग्याला धडधाकट घरी आला.

"माझी खाला होती ना कराचीत," मावशी सांदणाचा तुकडा मोडत म्हणाली. "किमाडीला, बंदराला लागूनच." किमाडीच्या तेलाच्या टाक्या त्या हल्ल्यांत पेटल्या होत्या. दोन देशांतलं टपाल बंद. ते सुरू करायचा करार झाला 1974 साली, त्यानंतर कधीतरी खालाचं पत्र आलं. वाळत घातलेले कपडे धुरानं काळे झाले, एवढंच त्यात लढाईबद्दल होतं. बाकी सगळी कुणाच्या लग्नाची चौकशी.

आई काही बोललीच नाही. एरवी तिला गप्प बसवायला आम्हाला हात जोडावे लागतात.

फेरीबोट सुटली. गाडीत न बसता आई कठड्याशी उभी राहिली, धक्का दिसेनासा होईपर्यंत.

"शिमग्याला मी काकाची नौदलाची टोपी तिला दाखवायला नेली होती," ती म्हणाली. "तिनं घालून बघितली. म्हणाली, मोठी होते गो मला."