तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली फोन सिस्टीम घेऊ?

शिरोली एमआयडीसीत कुणी नवीन ऑफिस थाटलं की मला विचारणा होतेच. "तुम्ही ते फोन, चॅट, व्हिडिओ सगळं एकत्र असलेलं घेतलंय म्हणे. कुठलं घेऊ?" दरवेळी मी "बघून सांगतो" म्हणून सुटतो. आज एकदाच सांगून टाकतो.

कंपनीचं नाव सांगणार नाही. दुसरी घेतली असती तरी माझं झालं ते टळलं नसतं.

जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणारा बोर्ड, काढला ते बरोबरच केलं. त्याची कार्डं मिळेनात, दुरुस्तीवाला पुण्याहून यायचा. त्याला जोडलेल्या पीआरआयवर, म्हणजे एकाच जोडणीत अनेक कॉल नेणाऱ्या लाइनवर, एका वेळी ३० कॉल चालतात. आमच्या फाउंड्रीत सहाच्या वर कधी गेले नाहीत, भाडं मात्र पूर्ण. नव्या सिस्टीमच्या डेमोत टेबलावरचा फोन, लॅपटॉप आणि मोबाइल एकदम वाजले आणि मी भाळलो. माणशी महिना किती, एवढंच विचारलं. हे फोन इंटरनेटवरून चालतात, तरी राउटरचं नावही काढलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ऑपरेटर बाई सांगत आल्या, "साहेब, घंटी वाजत्या, पण पलीकडनं कोण बोलतच न्हाई." एकोणीस वर्षं बोर्ड सांभाळलेली बाई. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला नवीन बटणं जमेनात." त्या गप्प जाऊन बसल्या.

नवव्या दिवशी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. हॅलो, हॅलो. पलीकडे शुकशुकाट. लाइन मेली समजून रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि समोर बसलेल्या अकाउंट्सवाल्याला म्हणालो, "तो वाळूवाला म्हातारा असणार. परत आला तर सांग, चेक पोस्टात टाकलाय." तो म्हणाला, "लिहिलाय कुठं अजून?" आम्ही हसलो. हसलो, हेही लिहायलाच हवं.

फोन त्यांचाच होता. वडिलांच्या काळापासून आम्हाला वाळू देणारे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भट्ट्या बंद होत्या तेव्हा त्यांनी एकदाही पैशाचं नाव काढलं नव्हतं. त्यांना आमचं सगळं ऐकू जात होतं, आम्हाला त्यांचं काहीच नाही. पैसे मागायला फोन नव्हताच; गाडी वाटेत बंद पडली, उद्या पोचेल, एवढंच सांगायचं होतं. "अरे, मी ऐकतोय," असं ते दोनदा म्हणाले, हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हरच्या हातात बिल होतं, त्यावर लिहिलेलं: रोखीने. बाकी एक शब्द नाही.

दोष कशाचा, तर राउटरमधल्या सिप एएलजी नावाच्या एका सेटिंगचा. घंटी वाजवणारा निरोप एका वाटेनं येतो, आवाज दुसऱ्या. आमच्याकडे आवाज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते त्या निरोपाला आमच्याकडून जाणाऱ्या उत्तरात लिहिलेलं असतं. हे सेटिंग मदत म्हणून तो पत्ता बदलायला जातं आणि आमच्याकडे चुकीचा घालत होतं. बंद करायला टेक्निशियनला चार मिनिटं लागली.

बरेच दिवस मी सगळ्यांना हेच सांगत फिरलो. राउटर, राउटर. पण ते वाक्य राउटरनं नव्हतं उच्चारलं. मग वाटतं, एवढं काय, उधारीवर धंदा करणारा कोण असं बोलत नाही? जुन्या बोर्डावर असतो तर ते ऐकू गेलंच नसतं. आणि तसं ऐकू न जाणं बरं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

तरी विचारताच आहात तर: विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर नाही, तुमच्याच राउटरवर, तुमच्याच टेबलावरच्या फोनवर आठवडाभर ट्रायल घ्या. बाहेरच्या मोबाइलवरून कॉल करून दोन्हीकडचा आवाज तपासा. इंटरनेटच्या दोन लाइन आणि राउटरलासुद्धा यूपीएस. लँडलाइनचा नंबर आपल्याकडे मोबाइलसारखा पोर्ट होत नाही, हे विकणारे शेवटी सांगतात. आणि ऑपरेटरला विचारा. आधी.

इतकं करून आमचा स्टाफ चॅट करतो तो व्हॉट्सॲपवरच.

जुनी तांब्याची लाइन मी तोडली नाही, गेटवर नेली. ती एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर चालते, लाईट गेली तरी वाजते. वाळूवाले काका आता तिथंच फोन करतात. वॉचमन चिठ्ठी आणून देतो: गाडी निघाली.